ज्याचं त्याला

खांबेटे सरांचा आवाज शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीच्या, कुमुदताईंच्या माइकमध्येही शिरला होता. म्हणून पॉडकास्टवाल्या रेणुकाने प्रत्येकाचा आवाज त्याच्या स्वतंत्र ट्रॅकवर नेणारं ‘ज्याचं त्याला’ हे बटण दाबलं. पण हल्लीचं यंत्र वाक्य कोणाच्या तोंडून निघालं ते बघत नाही, कोणाच्या डोक्यात उगवलं ते बघतं.

सरांच्या ट्रॅकवर उरला नुसता खोकला. ज्या विचारांसाठी उद्या त्यांचा सत्कार होता, ते सगळे त्यांच्याच आवाजात ताईंच्या ट्रॅकवर जाऊन बसले. ताई तर तासभर फक्त ‘हो ना’ म्हणत होत्या.

सर पांढरेफटक पडले. “यंत्र बिघडलंय,” ते कसेबसे म्हणाले.

माइक चालूच होता. तेही वाक्य ताईंच्या ट्रॅकवर गेलं.

“अहो, सकाळीच नाही का सांगितलं,” कुमुदताई हळूच म्हणाल्या, “अंगाशी आलं तर एवढंच म्हणा?”