उष्टी वाटी

पहिल्या शेतकऱ्याची बेरीज बरोबर आली. दुसऱ्याची चुकली. तिसऱ्याच्या नावावर तर आख्ख्या गावाचं धान चढलं.

इश्वरने पडद्याकडे पाहिलं. मग की-बोर्डकडे. मग वाकून मशीनच्या मागेही पाहिलं. तिथे नुसत्या वायरी होत्या. चपला दाराबाहेर काढायला लावल्या होत्या आणि खोलीतल्या गारव्याने त्याचे पाय आखडले होते. आयुष्यात पहिल्यांदा तो कम्प्युटरसमोर बसला होता, आणि तोही परीक्षेला. नागपूरला.

प्रोग्राम साधा होता. शेतकऱ्यांची पोती आत टाकायची, प्रत्येकाची वेगळी बेरीज बाहेर काढायची. घरी हाच प्रोग्राम त्याने कितीदा चालवला होता. एकदाही चुकला नव्हता.

घरी म्हणजे सानगडीला. तिथली राइस मिल बंद पडली तेव्हा तो मिलच्या काट्यावर धान मोजत होता. काम गेल्यावर घरी बसल्या बसल्या पेपरात जाहिरात दिसली, घरबसल्या कम्प्युटर शिका. दिल्लीहून पोस्टाने पुस्तकं येऊ लागली. सगळी इंग्रजीत. डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याने ती फोडून काढली. पुस्तकांसोबत पुठ्ठ्यावर छापलेला की-बोर्डही आला. पण मशीन काही पोस्टाने येत नाही. म्हणून मशीन सत्यवती झाली.

सत्यवती त्याची बायको. संध्याकाळी ती जमिनीवर वाट्या मांडून बसायची. प्रत्येक वाटीवर खडूने एक अक्षर. इश्वर पुठ्ठ्यावर बोटं आपटत एकेक हुकूम वाचायचा. ती धानाचे दाणे या वाटीतून त्या वाटीत टाकायची. एक दाणा म्हणजे एक पोतं. मशीनला डोकं नसतं, सांगितलं तेवढंच करायचं, असं त्याने तिला सुरुवातीलाच बजावलं होतं.

"मंग नवीन काय हाय त्याच्यात?" ती म्हणाली होती. "लगन झाल्यापासून थेच करून राहिली मी."

इश्वरचे चुलते गोमाजीकाका ओट्यावरून हे बघायचे आणि कपाळाला हात लावायचे. बायको वाट्यांशी खेळते, नवरा पुठ्ठा बडवतो, असं ते गावभर सांगत. पण त्यांनी थांबवलं नाही. फक्त अट घातली. पास झाला तर भंडाऱ्यात नोकरी बघावी. नापास झाला तर हे सोंग बंद, आणि मुकाट्याने नांगराला हात लावावा.

आता परीक्षा घेणारे सर मागे येऊन उभे राहिले. इश्वर म्हणाला की घरी बरोबर येतं. सरांनी चमकून विचारलं, घरी कम्प्युटर आहे?

"हाय ना, सर," इश्वर म्हणाला. "वाट्यांचा."

बाजूची पोरं हसली. सरही हसले, पण वाईट हसले नाहीत. चूक मशीनची नाही, ते म्हणाले, तुमचं काहीतरी सांगायचं राहिलं आहे. ते काय, हे परीक्षेत सांगता येत नव्हतं. वेळ संपली. पुढच्या खेपेला बसा, असं म्हणून ते दुसऱ्याकडे वळले.

परतताना साकोलीच्या गाडीत त्याला रडू यायला हवं होतं. आलं नाही. डोक्यात एकच किडा वळवळत होता. तिथे चुकलं हे ठीक. पण मग घरी बरोबर कसं येत होतं?

तो घरी पोचला तेव्हा दिवे लागत होते. काका ओट्यावरच होते.

"काय गा, साहेब झाला का?"

नापास झालो, असं त्याने सरळ सांगून टाकलं. उद्यापासून धानाच्या बांधीत नांगरायला येतो म्हणाला. काकांनी पुढचे टोमणे तयार ठेवले असतील, पण तो थांबलाच नाही. चपला भिरकावून आत गेला आणि सत्यवतीला म्हणाला, वाट्या मांड.

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. वाट्या मांडल्या.

त्याने तेच हुकूम, त्याच क्रमाने वाचले. एक फरक होता. रोज त्याचे डोळे पुठ्ठ्यावर असायचे. आज ते तिच्या हातांवर होते.

पहिल्या शेतकऱ्याचे दाणे बेरजेच्या वाटीत पडले. तिने मोजून आकडा सांगितला. बरोबर. मग तिने ती वाटी सुपात उपडी केली, पदराने आतून पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली. दुसऱ्या शेतकऱ्यासाठी.

इश्वरने पुठ्ठा खाली ठेवला.

"थे काहून केलं?"

"काय?"

"वाटी रिकामी केली. पुसली. म्या तं सांगतलं नोयतं."

सत्यवतीला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "उष्टी होती ना थे. एकाच्या उष्ट्या वाटीत दुसऱ्याले वाढते का कोनी?"

नागपूरच्या मशीनने वाढलं होतं. पहिल्याच्या धानावर दुसऱ्याचं, त्या दोघांच्या धानावर तिसऱ्याचं. वाटी रिकामी कर, असं त्या मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाहेरून काकांनी आवाज दिला, सोंग बंद झालं का म्हणून. दिवसा नांगर तुमचा, इश्वर आतूनच म्हणाला, संध्याकाळ आमची. काका यावर काय बोलले ते त्याने ऐकलं नाही. तो उठला, सत्यवतीच्या जागेवर जाऊन वाट्यांसमोर मांडी घालून बसला आणि पुठ्ठा तिच्याकडे सरकवला.

"आजपासून मशीन मी. तू सांग."

ती हसली. तो थट्टा करत नाही हे पाहून थांबली. उलट्या धरलेल्या पुठ्ठ्यावर तिने एक बोट जपून टेकवलं आणि थोडा विचार केला.

"पयले वाटी पूस," ती म्हणाली.