सहा वाजेपर्यंत

"वर्षभर आम्हाला सुनावायचं, मत ही देवानं दिलेली जबाबदारी आहे, आणि आज स्वतः दार लावून लोळायचं! बरं आहे हं सुभानरावांचं!"

कुसुमावतीबाई ओट्यावर चपला काढता काढता पुटपुटल्या. स्वयंपाकघराची खिडकी तिथंच उघडते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणजे ऐकू जावं म्हणूनच पुटपुटल्या होत्या.

सुनेत्रानं चहाचा दुसरा कप मोरीत ओतला. इतक्या वर्षांची सवय, दोन कपांचंच आधण ठेवलं गेलं होतं. पदराला हात पुसत ती बाहेर आली.

"झोपलेत," ती म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता."

"अगं, पण आपण दरवेळी त्यांच्यामागूनच जातो ना मतदानाला? सरक, मी उठवते."

"नको." सुनेत्रा दारातच उभी राहिली. "तू मत देऊन आलीस?"

"अजून नाही."

"मग आधी तू जा."

कुसुमावतीबाईंची नजर खुर्चीवर गेली. तिथं राखाडी कोट कडक इस्त्री करून ठेवला होता. सुभानराव तो वर्षातून एकदा नाताळला घालायचे आणि मतदानाला.

"कोट तर तयार दिसतोय!"

"हो. घालायचाय त्यांना."

"मग झालं तर! नाहीतर मागच्या खेपेसारखं व्हायचं. पवार मास्तरांनी मरायला नेमका मतदानाचाच दिवस धरला. अख्खी मंडळी त्यांच्या दारात. माती दिल्याशिवाय कोण उठणार? चर्चचं एकही मत पडलं नाही आणि मानसिंगराव पडले. सुभानराव महिनाभर आमच्याशी बोलले नव्हते, आठवतंय ना?"

सुनेत्राला आठवत होतं. गोत्री या उपनगरातल्या त्या लहानशा मराठी चर्चमध्ये सुभानराव साळवे पाळक नव्हते, नुसते वडीलधारे होते. पण निवडणूक आली की पाळकांपेक्षा त्यांचाच उपदेश लांबायचा. "प्रार्थना स्वतःसाठी करा," ते सांगायचे, "मत मात्र शेजाऱ्यासाठी द्या." यंदा शेजारी म्हणजे कबरस्तानामागची झोपडपट्टी. नवा रस्ता झाला तर झोपड्या जाणार होत्या आणि अर्धं कबरस्तानही. यंदाही निवडणुकीला उभ्या असलेल्या मानसिंगरावांनी चर्चच्या पायरीवर येऊन शब्द दिला होता, रस्ता होऊ देणार नाही.

"काल संध्याकाळी मानसिंगराव आले होते म्हणे," कुसुमावतीबाईंनी आवाज उतरवला. "काही बिनसलं का?"

"चहा पिऊन गेले."

चहा त्यांनी घेतलाच नव्हता. ते गेल्यावर सुभानरावही जेवले नाहीत. छाती चोळत बसले. "माणूस नजरेला नजर देत नव्हता गं," एवढंच म्हणाले. मग खूप वेळानं, "तरी उद्या सगळ्यांनी मत द्यायचं. एकही घर राहता कामा नये. तू बघ."

ती बघत होती. सकाळी केंद्र उघडलं तेव्हा रांगेत पहिली तीच होती. एकटी. काका सोबत नाहीत हे बघून पोलिसानं गुजरातीत विचारलं, "काका नथी आव्या?" तिनं नुसती मान हलवली होती.

"आणि हा एसी कसला घुरघुरतोय?" जाता जाता कुसुमावतीबाई म्हणाल्या. "दिवसा पंखा लावला तरी बिल दाखवणारा माणूस!"

"आज लावलाय."

दिवसभर माणसं येत राहिली. सुनेत्रा प्रत्येकाचं बोट बघायची. शाई नसली तर उंबऱ्यावरूनच परत धाडायची. सुरतेहून निघालेल्या लेकीचा, मनालीचा फोन आला, बस भरूच सोडून पुढं आलीय. "हळू ये," सुनेत्रा म्हणाली, "घाई आता कशाचीच नाही."

दुपार कलली तशी माणसं यायची थांबली.

उन्हं उतरल्यावर फाटक वाजलं. तरुण पाळक, पीयूष रणपिसे, पुढं होते आणि त्यांच्यामागं निम्मी मंडळी. सगळ्यांच्या बोटांना शाई. पण ओट्यावर कुणी चढेना. काच फोडून आलेल्या पोरांसारखी सगळी अंगणातच उभी राहिली.

"काका जागे आहेत?" पाळकांनी कुजबुजत विचारलं.

"काय झालं?"

पाळकांनी मागं पाहिलं. मागचे जमिनीकडं बघत होते.

"चार वाजता मानसिंगरावांनी समोरच्या उमेदवाराला पाठिंबा दिला, काकू. हार घालून घेतले, फोटो काढले. रस्ता व्हायलाच हवा म्हणाले. तोवर आपल्या सगळ्यांची मतं पडून गेली होती."

सुनेत्रानं ओट्याच्या खांबाला हात टेकला.

"काकांना आज सांगू नका," पाळक म्हणाले. "आधीच नाजूक हृदय त्यांचं. मी उद्या येतो, हळूहळू समजावून सांगतो."

"झोपू दे गं त्यांना," कुसुमावतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. सकाळचा तोरा कुठच्या कुठं गेला होता. "उठवू नकोस."

"सगळ्यांची मतं झाली?" सुनेत्रानं विचारलं.

"एकूण एक."

"सहा वाजले?"

"वाजले."

तिनं कमरेची किल्ली काढली आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. गार हवेचा झोत ओट्यापर्यंत आला.

"मग चपला काढा आणि बसा सगळे," ती म्हणाली. "पहाटेच गेले ते."