जिंकणारी मोटर

"काकू, आमचा पंखा जिंकेल अशी मोटर आहे का हो?"

विचारलं बाई एकदाचं! मागे माझ्या मैत्रिणी अल्फिया आणि केतकी तोंड दाबून हसत होत्या. म्हणे, तुझी हिंमतच होणार नाही! आम्ही विमानाचा छोटा लाकडी पंखा हाताने कोरला होता. विज्ञान प्रदर्शनात तो आणि विकतचा मोठा पंखा आळीपाळीने मोटरीला लावून, कोणता जास्त जोरात ओढतो ते दाखवायचं होतं.

मॉडेल विमानांच्या दुकानातल्या त्या काकूंनी काउंटरवर दोन मोटरी ठेवल्या. "ही भरधाव फिरते. हिच्यावर तुमचा छोटा जिंकेल, मोठा लावलात तर बिचारी तापेल. ही दुसरी सावकाश फिरते, पण जोर भारी. हिच्यावर मोठाच जिंकणार."

"पहिली द्या!" दोघी एकदम ओरडल्या.

माझं मात्र डोकंच गरगरलं. "पण काकू, खरा चांगला पंखा कोणता?"

"कुठल्या मोटरीवर?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

"अगं, बक्षीस मिळतंय ना? घे की मुकाट्याने!" केतकीने चिमटा काढला.

मी काहीच न घेता घरी आले. जेवताना आमटीत भात कालवत होते. मग एकदम म्हणाले, "आई, बाबा, वाढदिवसाला सायकल नको. दोन मोटरी घ्या. एकीवर आम्ही जिंकणार, दुसरीवर हरणार, आणि प्रदर्शनात दोन्ही दाखवणार!"