दाराजवळची खुर्ची

दाराजवळच्या खुर्चीत तो आधीच बसला होता.

लोरेटा उंबऱ्यातच थबकली. दोन वर्षं घरी कॅमेरा बंद करून ऐकलेल्या वर्गांतली एकच गोष्ट तिच्या डोक्यात पक्की राहिली होती: दाराजवळची खुर्ची नर्सची. पेशंट बिथरला तर पळता आलं पाहिजे.

पण मानसोपचाराच्या या परीक्षेत पेशंट म्हणून नट बसवतात, आणि आपण नट आहोत हे तो मेला तरी कबूल करत नाही. म्हणजे खुर्ची बळकावणं हाही पेपरातलाच प्रश्न. काळ्या काचेमागून परीक्षक हॅडलीबाई बघत असणार. मागच्या वेळी लोरेटा नापास झाली होती. आज झाली तर कोर्समधून नारळ.

ती आतल्या खुर्चीत बसली. माणूस सव्वासहा फुटी. बाहेर डुलुथ शहरात उणे वीस अंश, आणि याच्या कपाळावर घाम.

"मी लोरेटा. तुमची नर्स."

त्याची पापणी हलली नाही. "आपण नर्स आहोत, असं कधीपासून वाटतंय तुम्हाला?"

आवाज लोण्यासारखा मऊ. तिने खुर्ची जरा मागे घेतली.

"आपण तुमच्याबद्दल बोलू या."

"माझ्याबद्दल बोलायचंय तुम्हाला."

"तुम्ही चिडलायत का?"

"चिडण्याचा विषय तुम्ही काढलात," तो म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून दाराला टेकवली.

परीक्षेची वीस मिनिटं होऊन गेली. घंटा वाजेना. काचेमागे हालचाल नाही.

"कुणाला इजा करावी, असं येतं मनात?" त्याने हळूच विचारलं. त्याचा हात कोटाच्या खिशात गेला.

"खिशात काय आहे?"

"खिशाची भीती वाटते?"

"हो," लोरेटाचा बांध फुटला. "खिशाची वाटते, तुमची वाटते. कोर्स गेला खड्ड्यात. मला घरी जाऊ द्या."

त्याने सुस्कारा सोडला. खिशातून कागदी रुमालांचं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. "रडून घ्या. इथे तुम्ही सुरक्षित आहात."

तेवढ्यात दार त्याच्या खुर्चीवर आदळलं. फटीतून बर्फाने माखलेली टोपी आत आली, टोपीखाली हॅडलीबाई.

"माझी गाडी रुतली हो रस्त्यात, आणि पेशंट होणारी बाईही माझ्याच गाडीत. दोघंही विद्यार्थी वेळेवर आलात, छान. बोला, आधी कुणाची परीक्षा घेऊ?"