अर्ध्या तासाचं काम
डॉक्टरांनी काढलेली शिंप्याच्या जठरातली गाठ वर्षभराने जुन्या व्रणाच्या काठावर पुन्हा उगवली होती. “माझ्या नशिबातच होतं, डॉक्टरसाहेब. तुम्ही तरी काय करणार?” म्हातारा उलट त्यांचीच समजूत काढू लागला. डॉक्टरांना ते सोसवेना. पोट न फाडता, तोंडावाटे दुर्बीण घालून गाठ काढायच्या दोन रीती होत्या: तारेच्या फासात धरून तुकड्यातुकड्यांनी, अर्ध्या तासात, नाहीतर खालून सोलत अखंड, तीन तासांत. एवढ्या मोठ्या गाठीला दुसरीच योग्य, हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. पण गाठ काढली त्याच संध्याकाळी त्यांना याच रीतींची तुलना परगावच्या परिषदेत मांडायची होती. “काका, नशीब कसलं! मला विमान गाठायचं होतं, म्हणून झटपट उरकलं. आता आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम करतील.” शिंप्याने सावकाश सदऱ्याची बटणं लावली. मग टेबलावरचा कागद डॉक्टरांपुढे सरकवला. “त्यांचं नाव लिहून द्या. घाई नको, नीट अक्षरात.”