कडेची जागा

"कडेला दोन इंच मोकळं सोडा. छापल्यावर कड दुमडून दोरी घालतात, तिथलं सगळं आत जातंय." औरादच्या आपल्या बॅनरच्या दुकानात रत्नपाल हे प्रत्येक गिऱ्हाइकाला न कंटाळता सांगायचा.

यंदा ठाणाकुशनूरच्या जयंतीचा बॅनर त्याच्याकडंच होता. तिथंच राहणाऱ्या त्याच्या वडलांनी, अप्पांनी, जन्मात पहिल्यांदा हट्ट धरला, "शुभेच्छुकांत माझाबी एक फोटो टाक की रे."

फोटो आला तो शेतातला. डोक्याला मळका रुमाल, दाढीचे पांढरे खुंट. बाकी सगळे शुभेच्छुक कोट घातलेले, साहेबासारखे. रत्नपालनं थोडा वेळ स्क्रीनकडं पाहिलं, अप्पांना सगळ्यात शेवटी, अगदी कडेला लावलं आणि फाइल छपाईला बिदरला पाठवून दिली.

रत्नपालनं गावात जाऊन बॅनर चढवला तेव्हा अप्पा चार सोयऱ्यांना घेऊन खाली उभे होते. एकेका चेहऱ्याकडं बोट दाखवत ते टोकापर्यंत गेले. तिथं रुमालाचं टोक तेवढं दिसत होतं, बाकीचे अप्पा दुमडीत गेले होते.

"काय मारोती, पोराचंच दुकान अन् तुमचाच फोटो न्हाई व्हय?" सोयरे हसायला लागले. रत्नपाल उगीचच दोरीची बांधलेली गाठ सोडून परत बांधू लागला.

अप्पा सोयऱ्यांवर उखडले.



"हसायलाव कामून? कडंला काई ठेवू नका म्हणून अख्ख्या तालुक्याला सांगतंय माझं लेकरू. माझ्याच येळंला मशीन चुकली, त्यात त्याचा काय दोष?"