पाण्याखालची सडक

राहीला होडीत आडवं केलं तेव्हा उन्हं कलायला लागली होती. तळाशी गोधडी, गोधडीवर राही, उशाला सुईण धोंडी. पुढच्या टोकाला राहीचा बाप नवसू आणि मागे वल्ह्यावर पाड्यातला मासे धरणारा पदू.

राही पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला माहेरी आणलेली. कालपासून कळा येत होत्या आणि पोर आडवं होतं. आज उजाडताच धोंडीनं हात धुतले आणि सांगितलं, हे माझ्या हातचं नाही, उल्हासनगरला सरकारी दवाखान्यात न्या. हे तिनं कालच सांगायला हवं होतं. पण आपले हात टेकले हे कबूल करायला माणूस वेळ लावतोच.

राहीचा नवरा जनू तेव्हाच डोंगराच्या कडेनं पायी निघाला होता, बदलापूरहून जीप आणायला. त्यानं ती आणलीही, पण दुपार टळून गेल्यावर. पलीकडच्या काठावर, डांबरी रस्ता येऊन संपतो तिथे, पांढरी जीप उभी होती आणि तिच्या टपावर चढून जनू पंचा हलवत होता.

मे महिन्यात बारवीचं पाणी फार खाली जातं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, सगळ्यांचे नळ याच धरणावर. पाणी त्यांना जातं आणि गाळ काठच्या लोकांना राहतो. अशा दिवसांत इथे होडी सरळ नेत नाहीत. जुन्या नदीच्या पात्रावरून, खोल पाण्यातून, मोठा वळसा घालतात. पदूनं होडी तिकडे वळवली.

"कुठं चाललास?" नवसूनं विचारलं.

"डोहाकडून, मामा. पानी तिथंच हाय."

"दिस बुडंल तवर. सरळ घे. खाली सडक हाय."

सडक होती हे खरंच. धरणाआधी त्यांचा पाडा इथेच खाली होता आणि पाड्यापासूनची सडक मजुरीवर नवसूनंच बांधली होती. खडी फोडली होती, दगड बसवले होते, वरून रोलर फिरला त्या दिवशी बायकोला मुद्दाम दाखवायला नेलं होतं. पुढे पाणी चढलं. घर गेलं, शेत गेलं. नवसू त्यावर कधी फार बोलला नाही. ती सडक मात्र त्याच्या डोक्यात तशीच पडून होती, कोरडी ठणठणीत.

"मी कदी पाह्यली नाय ती," पदू म्हणाला. तो जन्मला तेव्हा इथे पाणीच होतं. जाळं कुठे टाकायचं ते त्याला पाठ, पण खाली काय बुडालंय याची चौकशी त्यानं कधी केली नव्हती.

"मी पाह्यलीय ना. होडी टेकली तं उतरू, पोरीला उचलून चालत नेऊ. दगडी सडक हाय, पाय रुतायचा नाय."

थोरल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा? त्यात राही कण्हायला लागली. पदूनं होडी सरळ घेतली.

पाण्यातून वर आलेलं चिंचेचं काळं खोड दिसलं. "ह्याच्या उजव्या अंगानं," नवसू म्हणाला. जीप मोठी दिसू लागली. जनूचा चेहराही ओळखू येऊ लागला.

"बा, आलं का?" राहीनं विचारलं.

"आलं गो. ही काय सडक."

मग होडी टेकली. आवाज झाला नाही. दगडाला लागली असती तर खरखरली असती, हे पदूला कळलं. त्यानं वल्हं खाली खुपसलं. ते आत गेलं आणि निघेना.

नवसूनं खाली उडी टाकली. मांडीपर्यंत गेला, मग कमरेपर्यंत. "वाईच पुढं आसंल," म्हणाला. पदूही उतरला, दोघांनी ढकललं, पण होडी हलेना. वर वीतभर पाणी आणि खाली इतक्या वर्षांचा गाळ. होडीही चालेना आणि माणसाला उभंही राहता येईना. काठावरून जनू आत शिरला तसा रुतला. जीपवाल्यानं त्याला काखांत हात घालून मागे ओढलं आणि मग जीपवाला नुसता हॉर्न वाजवत बसला. त्याला तरी दुसरं काय सुचणार?

राहीनं पाणी मागितलं. धोंडीनं बाजूचंच ओंजळभर घेऊन तिच्या तोंडात सोडलं. अर्धं गालावरून खाली आलं.

नवसूचं तिकडे लक्ष नव्हतं. एका हातानं होडीची कड धरून तो पायांनी चाचपत होता, छातीपर्यंत आत गेला होता. "हितंच हाय. म्या बसवलीय. जाईल कुठं?" आपल्या हातच्या कामावर माणसाचा भरवसा असतो, असावाच. तरीही त्या घडीला नवसूचा राग येतो, आणि राग आला की लगेच त्याच्यासाठी जीव तुटतो.

"मामा, वर ये. पोरीकडं बघ," पदू परत होडीत चढून म्हणाला.

"थांब जरा."

धोंडीनं राहीचं मनगट धरलं होतं. बराच वेळ ती ते दाबून, पुन्हा दाबून बघत राहिली. मग तिनं तो हात गोधडीवर ठेवला आणि राहीच्या तोंडावर लुगड्याचा पदर ओढला. पदूनं ते पाहिलं. काठावरचा हॉर्न अजून वाजतच होता.

तेवढ्यात नवसूचे पाय टेकले. खाली, गळ्याइतक्या गाळाखाली, दगड होते. घट्ट, एकाला एक लागून, त्यानं बसवले होते तसेच.

"सापडली," तो म्हणाला. "पदू, सडक सापडली. आन तिला."